सरकारी पत्र आल्यावर कंपनीत नेमकं काय घडतं?

गोपनीयता धोरण नावाचा जो लांबलचक मजकूर आपण न वाचताच मान्य करतो, त्यात एक ओळ हमखास असते: कायद्याने आवश्यक असेल तेव्हा वापरकर्त्याची माहिती शासकीय यंत्रणांना दिली जाऊ शकते. या ओळीबद्दल मला तीन प्रश्न विचारले गेले आहेत. सरकारी अधिकाऱ्याला कंपनीच्या सर्व्हरमध्ये थेट डोकावता येतं का? कंपनीला नाही म्हणता येतं का? आणि आपली माहिती दिली गेली तर आपल्याला कळतं का?

एका मोठ्या ऑनलाइन सेवेत अशी सरकारी पत्रं वाचून त्यांना उत्तरं देण्याचं काम मी बरीच वर्षं केलं. त्या टेबलावरून जे दिसलं ते सांगते.

माझं मत आधीच मांडते, म्हणजे पुढचं वाचताना ते तपासून घेता येईल. पत्र येतं तोवर निम्मा निकाल लागून गेलेला असतो. कंपनी काय साठवते, किती दिवस साठवते आणि त्या साठ्याची किल्ली कुणाकडे आहे, हे ज्या दिवशी ठरलं त्याच दिवशी सरकारला काय मिळणार हेही ठरलं. उरलेला निम्मा निकाल पत्र वाचणाऱ्या माणसाच्या हातात असतो. तो माणूस किती सावकाश वाचतो, यावर कुणाचं तरी आयुष्य अवलंबून असतं.

येणारी बहुतेक पत्रं हेरगिरीची नसतात. कुणाच्या खात्यातून फसवून पैसे काढलेले असतात, कुणाच्या नावाने खोटं प्रोफाइल उघडून बदनामी चाललेली असते, कुणाला धमक्या येत असतात, कुणाचं मूल घरातून निघून गेलेलं असतं. तपास अधिकाऱ्याच्या हाती एक ई-मेल पत्ता किंवा फोन नंबर असतो आणि त्यामागचा माणूस कोण, हे त्याला शोधायचं असतं. हे काम व्हायलाच हवं. फसवल्या गेलेल्या माणसाला न्याय मिळण्याचा रस्ता बऱ्याचदा याच टेबलावरून जातो, आणि कंपनीने माहिती दिली की काहीतरी वाईटच झालं, असं मी मानत नाही.

मोठ्या कंपन्यांचं यासाठी वेगळं पोर्टल असतं, प्रशिक्षित माणसं असतात, पाठीशी वकील असतात. छोट्या कंपनीत तेच पत्र ग्राहकसेवेच्या इनबॉक्समध्ये येऊन पडतं. उघडणारा सरकारी शिक्का पाहून घाबरतो आणि मागितलेलं, न मागितलेलं सगळं पाठवून मोकळा होतो. मला सगळ्यात जास्त काळजी या छोट्या कंपन्यांची वाटते, कारण तिथे काय गेलं याची नोंदसुद्धा राहत नाही.

पत्र वाचण्याची एक रीत असते. मागणारा अधिकारी खरा आहे का? कोणत्या कलमाखाली मागतोय आणि त्या कलमाखाली त्याला एवढं मागता येतं का? खातं नेमकं कोणतं? कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंतचं? आणि माहितीचा प्रकार कोणता? यातलं एक जरी अस्पष्ट असेल तर पत्र परत जातं. परत पाठवण्याने अधिकारी वैतागतात. वैतागू देत.

एकदा एका तपासात असं विचारलं होतं की अमुक आयपी पत्त्यावरून (इंटरनेटला जोडलेल्या उपकरणाला मिळणाऱ्या क्रमांकावरून) रात्री ९ वाजून १५ मिनिटांनी कोणतं खातं वापरलं गेलं. पत्र रीतसर होतं, सही होती, शिक्का होता. वेळ कोणत्या प्रमाणवेळेनुसार, एवढंच लिहायचं राहिलं होतं. आमच्या नोंदी जागतिक प्रमाणवेळेत होत्या. ती वेळ धरली तर एक खातं निघत होतं, स्थानिक वेळ धरली तर दुसरंच. शिवाय मोबाइल इंटरनेटवर एकच सार्वजनिक आयपी पत्ता एका वेळी कित्येक ग्राहकांत वाटलेला असतो, त्यामुळे त्यातलं नेमकं कनेक्शन दाखवणारा पोर्ट क्रमांक नसेल तर पत्त्यावरून माणूस ठरत नाही. मी पत्र परत पाठवलं. तीन दिवसांनी दुरुस्त पत्र आलं आणि त्यातल्या वेळेवरून निघालेलं खातं मी आधी धरलं असतं त्याहून वेगळं होतं. पहिल्याच दिवशी उत्तर दिलं असतं तर या गोष्टीशी काडीचाही संबंध नसलेल्या घरी पोलीस गेले असते. त्या घरातल्या कुणालाही हे आजवर ठाऊक नाही.

आता माहितीच्या प्रकारांकडे वळते, कारण सगळा कायदा त्यांच्याभोवती उभा आहे. सगळ्यात वरचा थर नोंदणीचा: नाव, फोन नंबर, ई-मेल, खातं कधी उघडलं, पैसे कशाने भरले. दुसरा थर वापराच्या नोंदींचा: कधी लॉग-इन केलं, कोणत्या आयपी पत्त्यावरून, कोणाशी संपर्क केला, फोन कोणत्या टॉवरच्या कक्षेत होता. तिसरा थर मजकुराचा: ई-मेलमधला मजकूर, फोटो, संदेश, बॅकअप. अमेरिकेत १९८६च्या इलेक्ट्रॉनिक संदेशवहन कायद्यापासून या थरांना वेगवेगळे कागद लागतात. पहिल्याला साधं समन्स पुरतं. दुसऱ्यातल्या बऱ्याचशा नोंदींना न्यायालयाचा आदेश लागतो. तिसऱ्याला न्यायाधीशाने सही केलेलं झडतीचं वॉरंट लागतं. मुळात त्या कायद्यात १८० दिवसांहून जुन्या ई-मेलला वॉरंटशिवाय हात घालायची वाट ठेवलेली होती, कारण १९८६ मध्ये एवढे दिवस कुणी ई-मेल सर्व्हरवर ठेवत नसे. २०१० मध्ये तिथल्या एका अपील न्यायालयाने मजकुराला वॉरंट हवंच असा निर्णय दिला, त्यानंतर मोठ्या कंपन्यांनी सगळीकडे तोच दंडक धरला.

सगळ्या देशांत हे थर इतके स्पष्ट नाहीत. भारतात तपास अधिकारी कागदपत्रं आणि डिजिटल नोंदी मागवतो ते भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ९४ खाली. १ जुलै २०२४पूर्वी हेच काम फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ९१ खाली होत असे. संदेश अडवणं, त्यांवर पाळत ठेवणं किंवा ते उलगडून मागणं यासाठी माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६९ आणि २००९चे नियम आहेत. तिथे परवानगी न्यायाधीश देत नाही, गृह सचिव देतात, आणि नंतर एक पुनरावलोकन समिती ते आदेश तपासते. सरकारी माणसाचा आदेश सरकारी माणसांनीच तपासायचा, ही रचना मला अपुरी वाटते. आदेश देणारा आणि तपासणारा एकाच इमारतीत बसत असेल, तर नाही म्हणणारं कुणी उरत नाही.

मजकूर नको, फक्त नोंदी हव्यात, असं लिहिलेलं पत्र आलं की नवीन सहकारी सुटकेचा श्वास सोडायचे. मी त्यांना थांबवायचे. वर्षभराच्या लोकेशन नोंदी समोर ठेवल्या तर माणूस कुठे झोपतो, कोणत्या डॉक्टरकडे जातो, कोणत्या प्रार्थनास्थळी किंवा कोणत्या सभेला जातो, कुणाच्या घरी रात्र काढतो, सगळं दिसतं, आणि एक शब्दही वाचावा लागत नाही. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१८च्या कार्पेंटर खटल्यात नेमकं हेच ओळखलं. तिथे पोलिसांनी वॉरंटशिवाय १२७ दिवसांच्या टॉवर नोंदी घेतल्या होत्या आणि त्यांत १२,८९८ ठिकाणांचे बिंदू होते. पाच विरुद्ध चार मतांनी न्यायालयाने सांगितलं की अशा नोंदींना वॉरंट लागेल. एका मताचा फरक.

पत्र हवं त्याहून मोठं असणं हा रोजचा अनुभव. ‘खात्यातील सर्व माहिती’ हे तीन शब्द मी किती वेळा वाचले असतील याची गणती नाही. गुन्हा मार्चमधल्या एका आठवड्याचा आणि मागणी खातं उघडल्यापासूनच्या सगळ्या ई-मेलची. अशा वेळी कंपनीच्या हातात एक साधं, परिणामकारक साधन असतं: मागणी अरुंद करून मागणं. अधिकाऱ्याला फोन करून विचारायचं, तुम्हाला नेमकं काय सिद्ध करायचंय? बहुतेकदा त्यालाही एवढा ढीग नको असतो. कुणीतरी जुन्या पत्राचा नमुना चिकटवलेला असतो.

याच टेबलावर अशीही पत्रं येतात ज्यांत कुठलाही कागद नसतो. जीव धोक्यात आहे, आदेश आणायला वेळ नाही, आत्ताच सांगा. अमेरिकी कायदा अशा वेळी कंपनीला स्वतःच्या निर्णयाने माहिती द्यायची मुभा देतो, सक्ती करत नाही. इतर अनेक ठिकाणीही अशीच काहीतरी वाट आहे. एका रात्री अशी विनंती आली होती. कुणीतरी जीव देणार असल्याचं लिहिलं होतं आणि तो माणूस कुठे आहे ते कुणालाच ठाऊक नव्हतं. अधिकाऱ्याच्या कार्यालयाच्या अधिकृत नंबरवर मी स्वतः फोन लावून खात्री केली, शेवटचा आयपी पत्ता तेवढा दिला, दुसरं काही नाही. माणूस वेळेत सापडला. ती रात्र मला माझ्या नोकरीतली सगळ्यात मोलाची वाटते.

आणि याच वाटेने चोरही आले. २०२१ मध्ये काही हॅकरांनी पोलिसांची खरी ई-मेल खाती ताब्यात घेऊन कंपन्यांना खोट्या तातडीच्या विनंत्या पाठवल्या. ॲपल आणि मेटा या दोन्ही कंपन्यांनी अशा विनंत्यांना फसून ग्राहकांचे पत्ते, फोन नंबर आणि आयपी पत्ते दिल्याचं मार्च २०२२ मध्ये उघड झालं. मोठमोठे कायदा विभाग असलेल्या कंपन्यांची ही गत. म्हणून आलेल्या पत्रात छापलेला फोन नंबर वापरायचा नाही, तो स्वतंत्रपणे शोधून काढायचा, ही शिस्त मी जीव तोडून शिकवत असे.

लोकांना ज्याची कल्पनाच नसते असा आणखी एक कागद आहे: माहिती जतन करण्याचं पत्र. तपास यंत्रणा कळवते की अमुक खात्यातलं आत्ता जे आहे ते गोठवून ठेवा, आदेश मागाहून आणतो. अमेरिकेत याला न्यायाधीश लागत नाही. ९० दिवस ठेवायचं आणि मुदत वाढवून मागितली तर आणखी ९०. कंपनी त्या क्षणीची प्रत काढून बाजूला ठेवते. त्यानंतर खातेदाराने सगळं पुसलं तरी प्रत तशीच असते. बहुतेक वेळा खातेदाराला याचा पत्ता नसतो.

आतापर्यंतची सगळी उदाहरणं एका खात्यापासून सुरू होत होती. गेल्या काही वर्षांत दिशा उलटली. पोलीस नकाशावर एक चौकोन आखून विचारू लागले: या वेळेत या चौकोनात कोणकोणते फोन होते? गूगलने २०२१ मध्ये आपले आकडे जाहीर केले. अमेरिकेतून अशी वॉरंटं २०१८ मध्ये ९८२, २०१९ मध्ये ८,३९६ आणि २०२० मध्ये ११,५५४ आली होती. संशयित कोण हे ठाऊक नसताना आधी सगळ्यांचीच झडती, असा हा प्रकार. फ्लोरिडात एक सायकलस्वार नेहमीच्या फेरफटक्यात एका घरावरून गेला होता आणि त्याच दिवशी त्या घरात चोरी झाली होती. जानेवारी २०२० मध्ये त्याला गूगलचा ई-मेल आला की पोलिसांनी तुमच्या खात्याची माहिती मागितली आहे, ती थांबवायची असेल तर सात दिवसांत न्यायालयात जा. घरच्यांनी पैसे घालून वकील लावला तेव्हा पोलिसांनी मागणी मागे घेतली. तो निर्दोष होता, आणि ते कळायला त्याच्या घरच्यांना आपल्या खिशातले पैसे मोजावे लागले.

या गोष्टीचा पुढचा भाग मला जास्त महत्त्वाचा वाटतो. डिसेंबर २०२३ मध्ये गूगलने सांगितलं की लोकेशनचा हा इतिहास यापुढे कंपनीच्या सर्व्हरवर न ठेवता वापरकर्त्याच्या फोनमध्येच ठेवला जाईल. कायदा बदलला नव्हता. साठा हलला, आणि त्यासोबत कंपनीला पत्र पाठवून तो मिळवण्याची सोय गेली.

कंपनीला नाही म्हणता येतं का, या प्रश्नाचं उत्तरही मला याच ठिकाणी सापडतं. लढून नाही म्हणणाऱ्या कंपन्या आहेत. याहूने २००७ मध्ये अमेरिकेच्या गुप्त न्यायालयात सरकारच्या मागणीला आव्हान दिलं, हरली आणि न ऐकल्यास दिवसाला अडीच लाख डॉलर दंडाची धमकी तिला सोसावी लागली. हे सगळं जगाला कळलं २०१४ मध्ये. लॅव्हाबिट या छोट्या ई-मेल सेवेकडे २०१३ मध्ये सरकारने तिची मुख्य सांकेतिक किल्लीच मागितली. ती दिली असती तर एका खात्यासाठी सगळ्या ग्राहकांचा पत्रव्यवहार उघडा पडला असता. मालकाने ती किल्ली आधी बारीक अक्षरांत ११ पानांवर छापून दिली आणि शेवटी ऑगस्ट २०१३ मध्ये सेवाच बंद केली. फार थोड्यांकडे हे धैर्य असतं, आणि धैर्यावर कुणाचीही गोपनीयता अवलंबून ठेवू नये असं मला वाटतं.

याउलट सिग्नल या संदेश ॲपचं बघा. २०१६ मध्ये अमेरिकेतल्या एका ग्रँड ज्युरीने (खटला भरायचा का हे ठरवणाऱ्या नागरिकांच्या मंडळाने) सिग्नलकडे खात्यांची माहिती मागितली. त्यांनी आदेश पाळला आणि जे होतं ते दिलं: खातं कधी उघडलं आणि शेवटचं कधी जोडलं गेलं. बस, तेवढंच होतं. लढाई नाही, नकार नाही. नाव, संपर्क, गट, संदेश यांपैकी काही साठवलेलंच नव्हतं.

पण इथेही एक सावधगिरी. स्वित्झर्लंडच्या प्रोटॉन या ई-मेल सेवेला २०२१ मध्ये तिथल्या कायद्याखाली आदेश आला की फ्रान्समधल्या एका पर्यावरण कार्यकर्त्याच्या खात्याचे आयपी पत्ते यापुढे नोंदवा. कंपनीला ते करावं लागलं. ई-मेलचा मजकूर कूटबद्ध, म्हणजे किल्लीशिवाय वाचता न येणारा, असल्याने तो देता येत नव्हता, पण माणूस सापडायला आयपी पत्ता पुरला. म्हणजे आज साठवत नाही याचा अर्थ उद्या साठवायला लावता येणार नाही, असा होत नाही. तो प्रश्न त्या देशाच्या कायद्याचा.

देशाचा कायदा म्हटला की मला चिनी पत्रकार शी ताओ आठवतात. २००४ मध्ये त्यांनी वृत्तपत्रांना आलेल्या सरकारी सूचनांची माहिती आपल्या याहू खात्यावरून परदेशी पाठवली. चिनी अधिकाऱ्यांनी तिथल्या कायद्याप्रमाणे खात्याची माहिती मागितली, याहूने दिली आणि २००५ मध्ये त्यांना दहा वर्षांची शिक्षा झाली. कागद कायदेशीर होता. माझ्या रीतीप्रमाणे तपासला असता तर शिक्का, सही, कलम, सगळं ठीक निघालं असतं. या प्रकरणावर गदारोळ झाला आणि २००८ मध्ये गूगल, मायक्रोसॉफ्ट आणि याहू यांनी मानवी हक्क संघटनांसोबत ग्लोबल नेटवर्क इनिशिएटिव्ह ही संस्था उभी केली. तिच्या तत्त्वांत एक गोष्ट आहे जी मी प्रत्येक कंपनीला सांगते: एखाद्या देशात सर्व्हर ठेवायच्या आधीच विचार करा की तिथलं सरकार उद्या काय मागेल. सर्व्हर ठेवल्यावर विचार करून उपयोग नसतो. ॲपलने फेब्रुवारी २०१८ मध्ये चिनी ग्राहकांचा आयक्लाउड साठा आणि त्याच्या किल्ल्या चीनमध्ये हलवल्या, तेव्हा तिथल्या सगळ्या पुढच्या पत्रांची उत्तरं जवळजवळ ठरूनच गेली.

सीमेपलीकडच्या माहितीचा प्रश्न लांबलचक आहे, मी थोडक्यात आटोपते. जुनी पद्धत म्हणजे दोन देशांमधला परस्पर साहाय्याचा करार: एका सरकारने दुसऱ्या सरकारला लिहायचं, त्याने आपल्या न्यायालयातून आदेश काढायचा. यात महिनोन्महिने जातात. डिसेंबर २०१३ मध्ये अमेरिकेने मायक्रोसॉफ्टला आयर्लंडमधल्या सर्व्हरवरचे ई-मेल द्यायला सांगितले, कंपनी न्यायालयात गेली, २०१६ मध्ये अपिलात जिंकली. मग मार्च २०१८ मध्ये अमेरिकेने क्लाउड ॲक्ट करून टाकला: सर्व्हर जगात कुठेही असो, माहितीवर ताबा अमेरिकी कंपनीचा असेल तर द्यावी लागेल. युरोपचा जीडीपीआर हा माहिती संरक्षणाचा कायदा कलम ४८ मध्ये म्हणतो की परक्या देशाचा आदेश आंतरराष्ट्रीय कराराशिवाय मानायचा नाही. मधे कंपनी. युरोपने स्वतःसाठीही वेगळा नियम केला आहे, जो लागू होण्याची तारीख १८ ऑगस्ट २०२६ ठरली. त्यानुसार एका सदस्य देशाची यंत्रणा दुसऱ्या देशातल्या कंपनीकडून दहा दिवसांत, तातडी असेल तर आठ तासांत, थेट माहिती मागू शकते. आठ तासांत पत्र नीट वाचून होतं का, हा प्रश्न मी त्या टेबलावर बसलेल्यांच्या वतीने विचारते.

आता थेट डोकावण्याचा प्रश्न. जून २०१३ मध्ये एडवर्ड स्नोडेन यांनी अमेरिकी सरकारच्या प्रिझम या पाळत कार्यक्रमाची कागदपत्रं बाहेर काढली तेव्हा सुरुवातीच्या बातम्यांत सर्व्हरवर थेट प्रवेश असं म्हटलं होतं. नंतर स्पष्ट झालेलं चित्र असं: सरकार ई-मेल पत्त्यासारखी ओळखचिन्हं कंपनीकडे पाठवतं आणि कायद्याच्या सक्तीने कंपनी त्या खात्यांचा पत्रव्यवहार पुरवते. प्रत्येक ओळखचिन्हावर स्वतंत्र न्यायाधीश बसत नाही, न्यायालय वर्षाला एकदा एकूण पद्धतीला मान्यता देतं. थेट प्रवेश म्हणायचा तो टेलिफोन आणि इंटरनेट पुरवणाऱ्या जाळ्यांत आहे. रशियात सोर्म नावाची व्यवस्था आहे. कंपनीने आपल्या जाळ्यात उपकरण बसवायचं, पुढे सुरक्षा यंत्रणा काय ऐकते ते कंपनीला दिसत नाही. युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने डिसेंबर २०१५ मध्ये या व्यवस्थेला हक्कभंग ठरवलं. वोडाफोननेही २०१४ च्या अहवालात मान्य केलं की ती जिथे काम करते त्यांतल्या मोजक्या देशांत सरकारचा असा कायमचा थेट जोड आहे. तिथे पत्रच येत नाही, त्यामुळे पत्र वाचणारा माणूसही नसतो. कंपनीचा अहवाल त्या देशाविषयी काही सांगू शकत नाही, कारण तिलाच ठाऊक नसतं.

न मागता जाणारी माहितीही मोठी आहे. बँका ठरावीक रकमेवरचे आणि संशयास्पद व्यवहार आपणहून कळवतात, आणि संशयास्पद व्यवहार कळवल्याचं ग्राहकाला सांगायला बहुतेक ठिकाणी मनाई असते. विमान कंपन्या प्रवाशांच्या याद्या देतात. मुलांच्या लैंगिक शोषणाचं साहित्य आढळलं तर अमेरिकी कंपन्यांना ते तिथल्या एका राष्ट्रीय केंद्राला कळवावं लागतं; हे काम मुलांना वाचवतं आणि त्याबद्दल माझ्या मनात किंतु नाही. तरी २०२२ मध्ये समोर आलेलं एक प्रकरण विसरता येत नाही. एका वडिलांनी आजारी बाळाचा फोटो डॉक्टरांना दाखवण्यासाठी काढला, गूगलच्या यंत्रणेने तो शोषणाचा ठरवला, पोलिसांकडे माहिती गेली. पोलिसांनी तपास करून काही गैर नसल्याचं सांगितलं, तरी त्यांचं खातं परत मिळालं नाही.

आणि मग विकत घेणं. हवामान, खेळ, प्रार्थनेच्या वेळा दाखवणारी साधी ॲप लोकेशन गोळा करतात, दलालांना विकतात आणि दलालांकडून सरकारी यंत्रणा घेतात. पैसे मोजले की वॉरंट लागत नाही. नोव्हेंबर २०२० मध्ये मुस्लिम प्रो या नमाजाच्या वेळा सांगणाऱ्या ॲपमधली लोकेशन माहिती एका दलालामार्फत अमेरिकी लष्कराच्या कंत्राटदारांपर्यंत जात असल्याचं बातम्यांत आलं, आणि कंपनीने त्या दलालाशी संबंध तोडले. आम्ही एकेका आयपी पत्त्यासाठी पत्रं परत पाठवत होतो, आणि शेजारच्या दारातून लाखो लोकांचा रोजचा प्रवास विकला जात होता. या गोष्टीने मला आजही झोप लागत नाही.

आपल्याला कळतं का? चांगल्या कंपन्या माहिती देण्याआधी खातेदाराला कळवतात, जर कायद्याने तोंड बंद केलेलं नसेल तर. तोंड बंद करणारे आदेश सर्रास असतात. भारतात कलम ६९ खालच्या आदेशांबाबत गुप्तता नियमांतच आहे. अमेरिकेत एफबीआय जी राष्ट्रीय सुरक्षा पत्रं काढते त्यांना न्यायाधीश लागत नाही, आणि ती किती आली हे कंपनीला ‘० ते ४९९’ अशा पट्ट्यांतच छापता येतं. डिसेंबर २०२३ मध्ये सिनेटर रॉन वायडन यांनी उघड केलं की सरकारं ॲपल आणि गूगलकडून पुश नोटिफिकेशनच्या (फोनच्या पडद्यावर उमटणाऱ्या सूचनांच्या) नोंदी मागवतात, आणि तोवर ॲपलला हे लोकांना सांगायचीही मोकळीक नव्हती.

म्हणून सरकारी मागण्यांचे आकडे सांगणारा कंपनीचा पारदर्शकता अहवाल वाचताना किती मागण्यांना माहिती दिली या टक्क्यावर थांबू नका. ऐंशी टक्के मागण्यांना काहीतरी दिलं, यात एक फोन नंबर दिलेलाही आला आणि दहा वर्षांचे ई-मेल दिलेलेही आले. किती खात्यांबद्दल विचारलं, मजकूर किती वेळा दिला, अरुंद करून किती दिल्या आणि खातेदारांना किती वेळा कळवलं, हे छापलं असेल तर ती कंपनी गांभीर्याने काम करते. शेवटचे दोन आकडे फार कमी ठिकाणी सापडतात.

वापरकर्ता म्हणून करता येण्यासारखं सांगायचं तर बॅकअपपासून सुरू करा. संदेश दोन्ही टोकांना कूटबद्ध असले तरी त्यांचा बॅकअप बऱ्याचदा क्लाउडमध्ये उघडा पडलेला असतो, आणि यंत्रणा तोच मागते, कारण तो मिळतो. बॅकअपची किल्ली फक्त आपल्याकडे राहील असा पर्याय बऱ्याच सेवांत आहे, तो चालू करा. तो पर्याय किती महत्त्वाचा आहे हे ब्रिटनमध्ये दिसलं: सरकारच्या गुप्त आदेशाच्या बातम्यांनंतर फेब्रुवारी २०२५ मध्ये ॲपलने तिथल्या ग्राहकांसाठी तो काढूनच घेतला. लोकेशनची परवानगी ज्या ॲपला कारण नाही त्याची काढून टाका. लोकेशनचा आणि शोधांचा जुना इतिहास ठरावीक काळाने आपोआप पुसला जाईल अशी सोय लावा.

आणि कधी कंपनीचा ई-मेल आलाच की तुमच्या खात्याची माहिती मागितली गेली आहे, तर आधी तो ई-मेल खरा आहे का बघा. त्यातल्या दुव्यावर न जाता खात्यात स्वतः शिरून खात्री करा. खरा निघाला तर काहीही पुसू नका. प्रत बहुधा आधीच काढलेली असते, आणि त्यानंतर पुसलेलं पुरावा नष्ट केल्यासारखं दिसतं. कंपनीला उत्तर लिहून मागणीची प्रत मागा, कित्येकदा ती मिळते. वकिलाकडे जाताना तो ई-मेल छापून न्या. हरकत घ्यायची मुदत त्यातच लिहिलेली असते आणि ती दिवसांत मोजायची असते.